नवतपातले राउंड

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की माझं डोकं फिरायचं. मुलगी अकरा वर्षांची. दिवसभर कूलरसमोर आडवी पडून मोबाइल बघायची. मी खाप्यात वाढलो, कन्हान नदीच्या वाळूत भर दुपारी अनवाणी पळालो, आणि माझ्या पोटच्या पोरीनं असं लोळत पडावं हे मला बघवेना. बायको म्हणायची, सुट्टी आहे, राहू द्या. पण मी कुणाचं ऐकणारा माणूस नव्हतो. रोज पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं आणि दहा राउंड मारायचे, असा फतवा मी काढला.

आधी ती कुरकुरली. मग तिला गोडी लागली. ऑफिसात मी फुशारक्या मारू लागलो की बघा, पोरांना मोबाइलपासून असं सोडवायचं असतं.

नवतपा लागला होता, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस. रविवारी उठायला उशीर झाला, मैदानावर पोचेपर्यंत नऊ वाजत आले. परत फिरायला हवं होतं. पण आम्हा नागपूरकरांना उन्हाची भलतीच घमेंड. बाहेरगावचे लोक मरतात उन्हानं, आपल्याला काय होतं? तिच्या खिशात कांदा घातला, तोंडाला दुपट्टा बांधला आणि पिटाळलं. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो.

सातव्या राउंडनंतर ती थांबली.

"बाबा, डोकं लय दुखून राहिलं."

मी कपाळाला हात लावला. तापलेलं होतं, पण ठणठणीत कोरडं. घाम नाही म्हणजे दमलेली नाही, एवढी माझी अक्कल.

"नाटकं नको करू. तीनच राहिले."

ती गेली. नवव्या राउंडला तिचे पाय वेडेवाकडे पडू लागले आणि ती कोसळली.

तिला सावलीत ओढलं, आणि खिशातला कांदा दगडानं ठेचून तिच्या तळपायांना चोळत बसलो. माझी आई हेच करायची. फिरायला आलेले एक म्हातारे जवळ आले.

"काहून चोळत बसला गा? दवाखान्यात ने पोरीले."

मी त्यांच्यावरच खेकसलो. चांगली पंधरा-वीस मिनिटं चोळत राहिलो. तिला आकडी आली तेव्हा कुठे ऑटो थांबवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पडायच्या आधी काही त्रास होतोय म्हणाली होती का? बायको शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणालो, "काहीच बोलली नाही."

जीव वाचला. पण तापानं मेंदूला इजा झाली, तोल गेला तो गेलाच. जीभही जड झाली. याला आता वर्ष होतंय. यंदाच्या सुट्टीत तिचा व्यायाम म्हणजे भिंत धरून हॉलमध्ये चालणं. तो बायको करवून घेते. माझी हिंमत होत नाही.

परवा ती चालताना दोनदा पडली. तिला उठवता उठवता बायकोचा धीर सुटला.

"त्या दिवशी बाबाले सांगितलं काहून नाही वं तू?"

मी सोफ्यावर पेपर घेऊन बसलो होतो. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं, हे मला त्या एका नजरेत कळलं.

"मले काही झालंच नव्हतं, आई," ती अडखळत म्हणाली. "एकदमच पडली मी."

बायकोनं डोळे पुसले आणि तिला पुन्हा भिंतीशी उभं केलं. मी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.