घंगाळातलं पाणी

माझा दीर आजही पाहुण्यांना सांगतो की साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्याला उमेदवारी मिळाली ती वहिनीच्या हाताच्या चवीमुळे. पाहुणे हसतात, माझ्याकडे कौतुकानं बघतात. मला त्या वेळी हातात असेल ते फेकून मारावंसं वाटतं. त्या चवीपायी माझं एक झाड गेलं, आणि त्याच्या गोष्टीत ते झाड कधीच येत नाही.

कागदी लिंबाची लिंबोणी होती ती. लिंबागणेशला माझ्या माहेरच्या परसात एक जुनं झाड होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आईनं त्याच्या बीचं रोप डालडाच्या डब्यात वाढवलं, एसटीत मांडीवर धरून इकडे तेलगावच्या बाजूला आमच्या गावी आणलं आणि स्वतःच्या हातानं न्हाणीमागं लावलं. पुढे आई गेली. भावांनी घर विकलं, घेणाऱ्यानं परसात दुकानांचे गाळे काढले आणि जुनं झाड पहिल्याच दिवशी तोडलं. माहेरचं म्हणून जे उरलं होतं ते माझ्या न्हाणीमागं उभं होतं. त्याला मी कुणाला दगड मारू द्यायची नाही. लिंबू मागितलं तर मात्र कुणाला नाही म्हणाले नाही. ऊन लागलेला माणूस असो की उलट्या होणारी पोटुशी, गल्ली माझ्याच दारात यायची.

त्या साली दुसरा पावसाळाही कोरडा गेला. बोअरमधून नुसती हवा यायला लागली. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचं धुराडं दिवाळीनंतर महिन्याभरात थंड झालं. जनावरं चारा छावणीत गेली आणि गावची दूध संस्था बंद पडली. माझा नवरा तिचा सचिव. संस्थेच्या किटल्या, मापं, गाळण्या सगळं आमच्या ओसरीत येऊन पडलं. टँकर पाचव्या दिवशी यायचा, कधी सातव्या. मी एकच गोष्ट धरून बसले होते. काही झालं तरी मिरगाचा पाऊस येईपर्यंत लिंबोणी जगवायची.

त्यासाठी घरात एक कायदाच केला होता. साबणाचं पाणी संडासात, बिनसाबणाचं सगळं लिंबोणीच्या आळ्यात. अंघोळ घंगाळात उभं राहून करायची आणि घंगाळ झाडाला रिकामं करायचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, पाहुण्याच्या पेल्यात उरलेलं, सगळं तिकडे. नवरा चूळसुद्धा आळ्यात जाऊन भरायचा. हाताला इतकी सवय झाली होती की पाणी दिसलं की पाय आपोआप न्हाणीमागं वळायचे.

दुसरी सवय दूध संस्थेची होती. सकाळी दूध घेताना नवरा लॅक्टोमीटर बुडवायचा आणि मी बोट. गाईचं सड दुखरं असलं की दूध खारट लागतं. यंत्राला ते कळत नाही, जिभेला कळतं. माझ्या जिभेनं नाही म्हटलेलं दूध मोठ्या बागाइतदाराचं असलं तरी परत जायचं. गावात माझ्या जिभेला मान होता, आणि मलाही त्याचा ताठा होता.

तर अशा त्या चैत्रातल्या एका रविवारी सकाळी माझा दीर जीप घेऊन दारात आला. तो तेव्हा पुण्यात जमिनीचे व्यवहार करायचा आणि कारखान्याच्या संचालकपदावर डोळा ठेवून होता. ऊस नाही, पाणी नाही, कारखाना बंद, पण निवडणूक मात्र वेळेवर. पॅनल ठरवणारे साहेब आणि त्यांच्याबरोबर पाच-सहा जण दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होते. हे मला त्यानं दारात उभं राहून सांगितलं, आणि पिशवीतून चार बाटल्या काढून माझ्या चुलीच्या ओट्यावर मांडल्या. चारही व्होडका. एक हिरव्या सफरचंदाच्या वासाची, एक संत्र्याची, एक कसल्याशा लाल फळाची आणि चौथी लिंबाची.

"वहिनी, साहेबांना विस्की आता जुनी झाली," तो म्हणाला. "पुण्यात घरोघरी हेच चालायलंय. कॉकटेल. मोबाईलवर समदं दाखवलंय, लई सोपं हाय."

"सोपं हाय तर करा की तुमीच."

"माझ्या हातानं कडू व्हायलंय. तुमच्या हाताला चव हाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "कर की," तो म्हणाला, "एका दिसाचं तर हाय." मोठा भाऊ असून धाकट्यापुढे त्याचं कधी चाललं नाही, आणि माझ्यापुढे ते कबूल करायचीही त्याची तयारी नव्हती.

मी आत येईपर्यंत दिरानं लिंबोणीवर हात मारला होता. शर्टाचा ओचा भरून लिंबं आणली. पिकलेली, हिरवी, बोरासारखी बारकी, काही ठेवलं नाही. फांद्या ओरबाडल्या होत्या. मी ओरडले, की बाटलीवर लिंबू काढलंय ना, मग माझ्या झाडाची कशाला तोडता? तर हसला. म्हणाला, "ते नुसतं वासाचं, वहिनी. पिळायला खरं लागतंय."

माझ्या वडिलांना दारूनं खाल्लं होतं. दारूला जीभ लावायची नाही हे मी लहानपणीच ठरवलेलं. म्हणून त्या दिवशी मी सगळं काम नाकावर केलं. कॉकटेल हलवायचं भांडं दीर पुण्यातच विसरला होता, तर दूध संस्थेची एक लिटरची झाकणाची किटली घेतली. दूध मोजायचं शंभर मिलीचं माप घेतलं. एक माप दारू, दोन मापं लिंबू-साखरेचं पाणी, चिमूटभर काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बर्फाचे तुकडे. झाकण दाबून किटली हलवायची आणि पेल्यात ओतल्यावर वरून सोडा. सफरचंदाच्या बाटलीला लहान पोरांच्या औषधाचा वास येत होता. तिच्यात मी आलं किसून पिळलं तेव्हा तो दबला. लाल फळाची अगदीच गोडसर, तिला चिंचेचा कोळ लावला. संत्र्याची जिऱ्याबरोबर चांगली जमली. मोबाईलवरच्या बाईनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

बर्फ माजलगावहून आला होता. प्यायला पाणी नाही त्या गावात पाण्याच्या दोन लाद्या जीपमधून उतरल्या, आणि घागरी घेऊन बसलेल्या बाया ते बघत राहिल्या. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. दिरानं आणि ड्रायव्हरनं अंगणात माझी दोन्ही घंगाळं मांडली, लाद्या फोडून भरल्या आणि सोड्याच्या बाटल्या त्यात खुपसल्या. मी आत लिंबं पिळत होते. बाहेर काय चाललंय ते मी बघितलं नाही.

पाहुणे आले, ओसरीत बसले. पेले पडद्याआडून जायचे आणि रिकामे परत यायचे. तिसऱ्या फेरीला साहेबांचा आवाज आला, "वहिनींना सांगा, असं पुण्यातबी मिळत न्हाई." सगळे हो हो म्हणाले. आणि मला, आता सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. पदरानं घाम पुसून मी पुढची किटली जास्त जोरात हलवली. ज्या कामाचा मला सकाळी संताप आला होता, ते आता दुसऱ्या कुणी करू नये असं वाटायला लागलं.

ऊन उतरताना जीपा गेल्या. दीर निघताना म्हणाला, काम झालं. अंगणात कोंबडीची हाडं, पत्रावळी आणि काठोकाठ भरलेली दोन घंगाळं. बर्फाचं पाणी. मी वाकले. एरवी बोट बुडवून जिभेला लावलंच असतं. पण आत कुणाची दारू सांडली असेल तर? नुसता वास घेतला. दारूचा वास नव्हता. नवऱ्याला हाक मारली, दोघांनी कान धरून एक घंगाळ उचललं, मग दुसरं, आणि दोन्ही लिंबोणीच्या आळ्यात रिकामी केली. थंड पाणी मुरायला लागलं तेव्हा मला वाटलं, एवढ्या धिंगाण्यातून झाडाच्या वाट्याला तरी काही आलं.

आठवड्यानं पानांचे शेंडे करपले. मला वाटलं ऊन. मी वरून गोणपाट बांधलं. मग पानं गळायला लागली, ओंजळीनं. शेजारी शेळ्या राखणारी आक्का राहायची. तिच्या दोन शेळ्या सुटून आत आल्या, मी काठी घेऊन धावले. पण शेळ्या पानांना तोंड लावत नव्हत्या. खाली मान घालून आळ्यातली माती चाटत होत्या.

आक्का बघत उभी राहिली. शेळीनं हिरवं पान सोडून माती चाटावी हे तिला काही पटेना. तिनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ हाय, बाई," ती म्हणाली. "काय घातलंस हिथं?"

मीही माती चाखली. खारट. दुखऱ्या सडाच्या दुधापेक्षा कितीतरी खारट.

मी तशीच गावच्या विकास सोसायटीच्या ऑफिसात गेले. दीर तिथे चार माणसांत बसून अर्जाचे कागद बघत होता. मी विचारलं, घंगाळात काय टाकलं होतं?

"मीठ. खडं मीठ. बर्फ लई गार राहतोय त्यानं."

"किती?"

"अर्धं पोतं आसंल. छावणीतलं होतं, जनावरांचं."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी इचारलं का?" त्यानं कागदातून मान वर केली. "आन् वहिनी, मी ओतलं का झाडाला? ओतलं तुमीच."

बाकीचे हसले. मी त्याला तिथं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोलून काही उपयोग नव्हता, कारण शेवटचं वाक्य त्याचं खरं होतं. गावच्या मुक्या जनावरांचं मीठ त्यानं उचललं, बर्फ त्यानं आणला, माझी लिंबं त्यानं ओरबाडली. पण घंगाळाचा कान माझ्या हातात होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं दूध चाखून नापास करणारी मी, त्या दिवशी नाकावर विसंबले.

आक्का म्हणाली, माती काढ आणि गोडं पाणी सोड, लई लागंल. मी खुरप्यानं वीतभर माती काढून गावाबाहेर टाकली. घरात दोन टिपाडं पाणी होतं, त्यातलं एक घातलं. त्यानं काय होणार. टँकर आला त्या दिवशी नवरा हळूच म्हणाला, "पाइप आधी आपल्याकडं घेऊ. धा मिनिटं. कोन बोलंल?" खरंच कुणी बोललं नसतं. पाइप त्यानं माझ्या हातात दिला. माझ्यापुढे घागरींची रांग, पहिल्या दोन आक्काच्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घाल झाडाला. मी बघते समद्यांकडं."

मी पाइप तिच्या घागरीत सोडला. मला चांगुलपणाचा पुळका आला नव्हता. संताप आला होता. बर्फाच्या लाद्या उतरवताना कुणाला रांग आठवली नाही, आणि माझ्या झाडाची वेळ आली तेव्हाच नेमकी मला ती दिसावी?

मिरग निघाला त्याच्या आधीच लिंबोणी वाळून खराटा झाली. पाऊस आला, भरपूर आला. दीर निवडून आला. गुलालानं माखलेल्या अंगानं तो नर्सरीतलं एक कलम घेऊन माझ्या दारात आला, म्हणाला, "घ्या वहिनी. फिटलं." कलम मी लावलं. रोपाचा काय दोष. पण जुन्या जागी नाही, दुसऱ्या कोपऱ्यात.

आता त्यालाही लिंबं लागतात. मोठी, पातळ सालीची, रसाला बरी. दीर वर्षातून दोन-तीनदा पाहुणे घेऊन येतो, बाटल्या घेऊन येतो, नवे नवे वास. त्याचा तो करतो, मी किटलीला हात लावत नाही. गेल्या उन्हाळ्यात तो असाच ओसरीत बसला होता. मी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन झाडाकडे निघाले, वाटेत थांबून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आता कुठलंही पाणी मी तसं केल्याशिवाय ओतत नाही.

त्यानं बघितलं. "बघा," पाहुण्यांना म्हणाला, "आमच्या वहिनी तांदळाचं पाणीबी चाखून बघत्यात. जिभेचं लई कवतिक त्यांना." सगळे हसले.

मी परत फिरले आणि पातेलं त्याच्यापुढे धरलं. "तुमी चाखा."

"मी कावून?"

"त्या दिशी आपल्या दोघांपैकी कुणीच चाखलं न्हाई म्हून."

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं पेला खाली ठेवला. मग पाहुण्यांपुढे काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, वहिनी. दोन लिंबं तेवढी द्या की, पिळायला."

मी पातेलं आळ्यात रिकामं केलं. लिंबं पिवळीधमक झाली होती, खाली पडून सडायलाही लागली होती. पडलेलीसुद्धा मी त्याला दिली नाहीत.