एक लांब, दोन आखूड

तोंडानं एक लांब आणि दोन आखूड अशी शिट्टी दिल्याशिवाय डायवरबापू स्वतःच्या घरातसुद्धा शिरत नसत. सुना पदर सावरत, चुलीवर चहाचं पातेलं चढे, मग बापू उंबरा ओलांडत. रिटायर झाले तरी ही सवय गेली नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, न सांगता आलेलं इंजिन अन् न सांगता आलेला सासरा, दोन्हीची तकलीफच."

हिंगोलीवरून जाणाऱ्या छोट्या लाईनवर कोळशाचं इंजिन चालवण्यात बापूंचा जन्म गेला. आमच्या स्टेशनमागच्या बंजारा तांड्यातले ते पहिले ड्रायव्हर, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! "आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ न्हेलं, म्या इंजिनामागं न्हेलं. धंदा तोच हाय, बैल तेवढा बदलला," हे ते येईल त्याला ऐकवत. मी त्याच गावात शाळामास्तर असल्यामुळे मला ते निदान शंभर वेळा ऐकावं लागलं.

त्यांची पॅसेंजर सकाळी आमच्या स्टेशनावर क्रॉसिंगला थांबे. थंडीच्या दिवसांत तांड्यातल्या बाया तेव्हा घागरी घेऊन येत. कोळसा भिजवायला इंजिनात एक रबरी नळी असते, तिला कढत पाणी येतं. बापू त्या नळीनं घागरी भरून देत. पाणी देण्याजोगं असेल तर लांबच्या सिग्नलपासून ती शिट्टी, एक लांब, दोन आखूड. नसेल तर साधी. त्यामुळे कुणाची खेप कधी फुकट गेली नाही. ज्या घरात बाळंतीण, त्या घरची घागर पहिली, हा नियमही त्यांचाच. या शिट्टीपायी त्यांना वरून मेमो यायचे. मेमोची घडी करून ते खिशात ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच शिट्टी देत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं. बापूही घरी बसले. पुढे काही वर्षांनी छोटी लाईन उखडून मोठी टाकायची बोलणी सुरू झाली, आणि तेवढ्यात एक सफर निघाली. शनिवार-रविवार, दोन दिवस, कुठूनसं आणलेलं जुनं इंजिन आणि मोठ्या शहरांतले हौशी पाहुणे. सफरीचा साहेब जुन्या ड्रायव्हरच्या शोधात तांड्यावर आला. आमच्या स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी बापू चालवतील, असा त्यानं शब्द दिला. त्याचं बोलणं बापूंना मीच समजावून सांगितलं आणि माणूस बरा दिसतो, असंही मीच म्हणालो. बापूंनी निळे कपडे धुऊन आठ दिवस आधीच खुंटीला लावून ठेवले. "रूळ उखडायच्या आधी येकडाव, मास्तर. मंग पुरे," एवढंच बोलले.

त्या दिवशी हिंगोलीला बापूंना इंजिनावर घेतलं, मला मागच्या डब्यात. निघण्याआधी पाहुण्यांनी त्यांना घेरलं. कुणी म्हणे फावडं धरा, कुणी म्हणे घाम पुसा. जानेवारीच्या सकाळी घाम कुठला? बापूंनी कोरडं कपाळ पुसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांच्याकडे बघून डब्यात जाऊन बसलो.

आमचं स्टेशन जवळ आलं तेव्हा इंजिनावरच्या ड्रायव्हरनं मानानं शिट्टीची दोरी बापूंच्या हातात दिली. बापूंनी ओढली. एक लांब, दोन आखूड. आपण काय केलं हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. गाडी थांबली आणि तांड्याकडून बाया घागरी घेऊन पळत येताना दिसल्या. इतक्या वर्षांनी! पुढे शेवंताबाई, सत्तरी ओलांडलेली, धापा टाकत. "बापू, शिट्टी आयकली. नातसून बाळंत हाय. चुलीतल्या पऱ्हाट्या वल्ल्या, पाणी तापंना."

साहेब त्या दृश्यावर खूष झाला. बायांना रिकाम्या घागरी डोक्यावर घेऊन ओळीनं उभं करा, म्हणून त्यानं मलाच सांगितलं. आणि मी केलं. प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी ओळ लावली. पाव तास फोटो निघत होते. आता पाण्याचा नंबर येईल म्हणून बाया हसत होत्या. मग साहेबानं घड्याळ बघितलं. "हो गया, हटाओ इनको।"

बापूंचा हात नळीवर गेला होता. साहेब ओरडला, "बाबाजी, टैंकर से भरवाया है, एक बूँद नहीं। नल खोला तो गाड़ी आप नहीं चलाएँगे।"

मी इंजिनापाशी जाऊन हळूच म्हणालो, "बापू, जाऊ द्या. बायांना मी समजावतो. अशी संधी परत यायची नाही."

बापूंनी माझ्याकडे बघितलं. "शिट्टी कोणी देली, मास्तर? म्या देली. साहेबाचं तोंड बघाया न्हाई आल्या त्या."

त्यांनी नळी सोडली. शेवंताबाईची घागर पहिली, मग बाकीच्यांच्या, एकही राहिली नाही. मग नळीचं वेटोळं करून जागेवर ठेवलं, पायाखालची फळी धुतली आणि कुणी उतरा म्हणायच्या आत ते उतरले. ड्रायव्हरनं खाली मान घालून गाडी काढली. बापूंनी मागे वळून पाहिलं नाही. शेवंताबाईची घागर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

मी खालीच राहिलो आणि बापूंच्या मागून चालू लागलो. दगाबाज, नीच, तोंडाला येईल ते निघून गेलेल्या साहेबाला बोललो. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. "त्याचं सोडा, त्यो परका. तुमी काहून म्हणले जाऊ द्या?"

रूळ उखडायच्या आधीच बापू गेले. नंतर कुणीतरी मला त्या सफरीचं रंगीत पत्रक आणून दिलं. त्यात तो फोटो आहे. खाली लिहिलंय, 'पाण्यासाठी वणवण करणाऱ्या महिलांनी केलेलं हसतमुख स्वागत'. डोंबलाचं स्वागत! त्याच घागरींतून थोड्या वेळानं वाफा निघत होत्या, तो फोटो काढायला कुणाला सवड नव्हती. बापू त्या फोटोत कुठेच नाहीत. कडेला, हात वर करून ओळ सरळ करणारा मी मात्र स्पष्ट दिसतो.