जन्मठेपेच्या घरची हळद

माझं लग्न झालं तेव्हा माझ्या सासरचा एक माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्याला माहीत होता आणि मी मात्र त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. ते माझे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा त्यांनी बांधावरच्या भांडणात शेजारच्या शेतातल्या दोघा भावांना कुऱ्हाडीनं तोडलं. तोडून पळून गेले नाहीत. तीच कुऱ्हाड खांद्यावर टाकून, ऐन बाजाराच्या दिवशी, जिंतूरच्या बाजारातून चालत ठाण्यात गेले. वाटेत एका दुकानापुढं उभं राहून त्यांनी पाणी मागितलं, दुकानदारानं तांब्या दिला, ते प्यायले आणि तांब्या विसळून परत दिला. बाजारातल्या एकूण एक माणसानं तो तांब्या पाहिला. तिथून जी गोष्ट सुटली ती कुणालाच आवरली नाही.

आधी फाशी सांगितली होती. पुढं ती जन्मठेपेवर आली आणि त्यांना औरंगाबादच्या तुरुंगात नेलं.

मी त्या घरात आले तोवर दोघांचे चौघं झाले होते. माझ्या पहिल्या दिवाळीला बांगड्या भरायला कासार आला, तो माझा हात दाबता दाबता सात म्हणाला. मी म्हटलं, मामा, आमच्याच घरची गोष्ट आम्हालाच वाढवून सांगताय होय? तर तो हसला, पण सातावरून खाली काही उतरला नाही. भायांच्या मिशा गावोगाव वाढत गेल्या होत्या. एका गावात त्या कानाला टेकायच्या, दुसऱ्या गावात त्यांना लिंबू टांगत. त्या माणसाला मिशा धड फुटतच नव्हत्या, हे मला त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी सांगितलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबून हसले होते. आया पोरांना त्यांचं नाव घेऊन झोपवायच्या. कज्जा असला की दोन्हीकडची माणसं त्यांची आठवण काढायची, एक धाकासाठी आणि दुसरा दाखल्यासाठी. आणि खोटं कशाला बोलू, बाजारात आमच्या घराला माप पुरं मिळायचं, शेंगदाण्याचं चार बोटं जास्तच.

तर असा हा माणूस चावडीवर, पारावर आणि न्हाव्याच्या पाटापुढं रोज जिवंत असायचा. फक्त स्वतःच्या घरात तो मेलेला होता.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. आमच्याकडं जन्मठेप म्हणजे काळं पाणी अशीच जुन्या माणसांची समजूत होती. काळ्या पाण्यावर गेला तो समुद्रापार गेला, परतायचा नाही, म्हणजे गेलाच. औरंगाबादला समुद्र नाही हे सांगून उपयोग नव्हता. जाऊबाई कपाळाला कुंकू लावायच्या, गळ्यात काळे मणी होते, हातात हिरव्या बांगड्या होत्या. कुंकू पूस असं त्यांना कुणी म्हटलं नाही. पण सवाष्णी मोजायची वेळ आली की पाटलीणबाईंचं बोट त्यांच्यावरून असं पुढं सरकायचं की जणू त्या जागी खांबच उभा आहे.

माझ्या थोरल्या मुलाच्या बारशाला तेच झालं. पाच सवाष्णी जेवायला घालायच्या होत्या. सासू-सासरे नव्हते, म्हणून सगळं पाटलीणबाई बघत होत्या. पुरण जाऊबाईंनी वाटलं, पोळ्या जाऊबाईंनी लाटल्या, पाटापुढची रांगोळीसुद्धा त्यांचीच. पाच पाट मांडले गेले आणि पाचवा पाट गावाच्या दुसऱ्या टोकाहून बोलावून आणलेल्या एका बाईला दिला. जाऊबाई चुलीपुढं बसून तूप वाढत होत्या. मी बाळंतीण, मला बोलायला तोंड होतं, पण मी बोलले नाही. वाटलं, माझ्या लेकराच्या शुभकार्यात कशाला विषाची परीक्षा. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण मला तिची लाज वाटते.

पुढं येलदरीला धरणाचं काम सुरू झालं आणि गावातली निम्मी तरणी माणसं तिकडं माती वाहायला जाऊ लागली, त्या सुमारास जाऊबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. एवढ्या मोठ्या खुन्याची पोर कोण करणार, असं सगळे म्हणत होते. पण चारठाण्याकडचं एक बरं घर आपण होऊन आलं. मुलाचा बाप कुस्त्यांचा शौकीन. त्याला हे स्थळ कुठल्यातरी मोठ्या पैलवानाचं असल्यासारखं वाटत होतं. बैठकीत त्यानं माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "व्याह्यांनी एका घावातच तोडले का दोन?" माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. जाऊबाई आतून म्हणाल्या, "पोर बघायला आलाव, पोरच बघा." मला वाटतं, त्या गृहस्थानं त्याच वेळी पसंती ठरवली.

लग्नाच्या महिनाभर आधी माझा नवरा, जाऊबाई आणि मी मोटारीनं औरंगाबादला गेलो. वर्षातून एकदा ते दोघं भायांना भेटायला जायचे, या वेळी मीही हट्ट करून गेले. खरं सांगायचं तर मलाही तो माणूस बघायचा होता. मी काही गावापेक्षा शहाणी नव्हते.

जाळीपलीकडं जो आला तो किडकिडीत, अंगावर तुरुंगाचे कपडे, डोक्याला टोपी, बोटांना सुताच्या चिरा पडलेल्या. आत सतरंज्या विणतो म्हणाले. त्यांनी आधी थोरल्या बैलाचं विचारलं. तो गेल्याच पावसाळ्यात मेला होता, ते ऐकून त्यांनी टोपी काढून हातात धरली. मग लेकीचं विचारलं. जाऊबाईंनी मुलगा कसा आहे, घर कसं आहे, सगळं सांगितलं.

"हळदीला कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"मी," जाऊबाई म्हणाल्या.

"बसू देतील का तुला?"

"तुमी जित्ते हाव का न्हाई?"

ते म्हणाले, "हाय."

"मग झालं," जाऊबाई म्हणाल्या.

येताना मोटारीत मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, ते असं काही करतील असं वाटत नाही. जाऊबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "केलंय त्यांनी. दोघं जण मेलेत. त्यातलं एक बी माघारी येत न्हाई. पर मी पोरीची आईच हाय ना."

हळदीचा दिवस उजाडला. आमच्याकडं मुहूर्ताची हळद जात्यावर दळतात. अंगणात मांडवाखाली जातं मांडतात, त्याच्या खुंट्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधतात, आणि पाच सवाष्णी त्या खुंट्याला हात लावून पहिला घास दळतात. ती हळद मग नवरीला लागते. पाटलीणबाईंनी पानं बांधली, चार जणींना बोलावून बसवलं आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "तू जरा आत सैपाकाचं बघ."

जाऊबाई आत गेल्या नाहीत. हिरवं लुगडं सावरून जात्याशी बसल्या आणि त्यांनी खुंटा धरला.

त्यांचा हात खुंट्यावर पडला आणि बाकीच्या चौघींचे हात निघाले. एक जण ओवी म्हणायला लागली होती, ती मधेच थांबली. अंगणात साठ-सत्तर बायका असतील. नवरी ओसरीवर पाटावर बसलेली, तिनं मान वर केली.

"नवरीला लागणार हाय ती हळद," पाटलीणबाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना खरंच मुलीचं भलं हवं होतं. "काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाच्या बायकूनं हात लावला तर पोरीच्या कुंकवाला धोका. तुझ्या बऱ्यासाठी सांगायलेय माय."

"मागल्या महिन्यात मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्यास्नी," मी म्हणाले. "सतरंज्या विणायलेत."

"बघितलं असंल. पर माघारी येणार हाय का?"

तेव्हा माझा तोल गेला. माझा स्वभावच तसा, साठतं साठतं आणि मग एकदम उतू जातं. मी म्हणाले, तुमचे नवरे चावडीवर बसून रोज त्यांच्या गोष्टी सांगतात, दोनाचे सात तुम्ही केलेत, मिशा तुम्ही लावल्यात, पोरांना त्यांच्या नावानं तुम्ही झोपवता. तेव्हा तो माणूस जिवंत असतो आणि ह्या बाईनं खुंटा धरला की तेवढ्यात मरतो होय. बोलून मला फार बरं वाटलं, पण उपयोग उलटाच झाला. बायका चिडल्या. दोघी तिघी उठून पदर झटकायला लागल्या. त्या गेल्या असत्या तर हळद दळलीच गेली नसती आणि ती पोर तशीच कोरडी बसून राहिली असती. जाऊबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. रागावून नव्हे, पण आता काय करतेस असं.

पाटलीणबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आपुण कशाला भांडायचं? जिचं गेलंय तिला इचारा. ती म्हणली बसू द्या, तर बसू द्या."

हे म्हणजे नाहीच म्हणण्यासारखं होतं. मारल्या गेलेल्या दोघा भावांपैकी थोरल्याची विधवा गावातच, आमच्यापासून चार घरांवर राहत होती. धाकट्याचं लग्नच झालं नव्हतं. नऊ वर्षांत ती आमच्या दारात आली नव्हती. आडावर जाऊबाई दिसल्या की ती रिकामी घागर घेऊन मागं फिरायची. अशा बाईला कुणीतरी बोलावून आणायला गेलं, आणि आम्ही तिची वाट बघत बसलो. जाऊबाईंनी खुंट्यावरचा हात काढला नाही.

ती आली. मांडवाच्या बाहेरच थांबली, विधवा म्हणून आत आली नाही. पांढरं लुगडं, हात मोकळे, शेतातून आली असावी, कारण पायांना चिखल होता. पाटलीणबाईंनी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, सांग माय, तो माणूस मेल्यात जमा का न्हाई?

तिनं जाऊबाईंच्या कपाळाकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता ही थुंकणार.

"माझा मेलाय," ती म्हणाली. "मेलेला माणूस कसा असतो ते मला शिकवू नका, मी रगत पुसलंय त्याचं. त्याच्या भावाचं बी पुसलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "मी हिच्या नवऱ्याला माफ केलं न्हाई. करणार बी न्हाई. पर तुमी त्याला मेला म्हणायलाव, तर मग माझ्या माणसाच्या खुनाची शिक्षा कोण भोगायलाय?"

तिनं पाटलीणबाईंकडं पाहिलं.

"तो मेला म्हणजे सुटला. मला तो सुटलेला नको. तिथं रोज उठला पायजे, रोज त्याला कळलं पायजे आपुण काय केलंय. तो जित्ता हाय म्हणूनच मला रात्री झोप लागते. आन तो जित्ता हाय तर हिचं कुंकू खरं हाय. त्यात काय इचारायचं?" एवढं बोलून ती जाऊबाईंकडं वळली. "दळ तू."

ती माघारी गेली. जाऊबाईंनी तिच्या पाठीला हात जोडले, तिनं वळून पाहिलं नाही, आणि तिनं पाहावं असं मलाही वाटलं नाही.

पाटलीणबाई जागच्या उठल्या. साठीची बाई, गुडघे धरून सावकाश जात्यापाशी आल्या, जाऊबाईंच्या समोर बसल्या आणि त्यांच्या हातावर हात ठेवून खुंटा धरला. मग उठून चाललेल्या परत आल्या. मी मांडीवरचं धाकटं लेकरू दुसरीकडं दिलं आणि घुसले. खुंट्याला पाच हात मावतात, तिथं आठ झाले. जातं फिरेना इतकी दाटी झाली, मग कुणीतरी हसलं आणि सगळ्याच हसल्या. जाऊबाईंनी ओवी घेतली. त्या घरात आल्यापासून मी त्यांचा ओवीचा आवाज ऐकला नव्हता. तो भरदार होता, जरा घोगरा होता, आणि पहिल्या दोन शब्दांनंतर सगळं अंगण त्यांच्या मागं म्हणायला लागलं.

मी रडले. मला वाटतं पाटलीणबाईही रडल्या, पण त्या नाही म्हणाल्या असत्या. जाऊबाई रडल्या नाहीत. त्यांना वेळच नव्हता, त्या दळत होत्या.

दळून झाल्यावर त्यांनी वाटीत हळद घेतली आणि सगळ्यांच्या आधी ओसरीवर गेल्या. आमच्याकडं पहिलं बोट गावातल्या मानाच्या सवाष्णीचं असतं. पाटलीणबाई ते लावायला पुढं आल्याच नाहीत. त्या जात्यापाशी बसूनच म्हणाल्या, "लाव, लाव, तूच लाव."

त्या दिवसापासून आमच्या गावात जन्मठेपेचा माणूस जिवंत धरू लागले. माझ्या पुतणीच्या कपाळाला पहिली हळद तिच्या आईनं लावली.