तो प्रबंध सुनंदाचाच होता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. त्याऐवजी जर्मन साहित्यावर पुस्तकं लिहिली.

बेंगळुरूच्या विद्यापीठात मी पहिला निबंध वाचणार होतो. विषय, युरोपातल्या विचारवंतांनी मांडलेली माणसाची प्रतिष्ठा. समोर जर्मनीहून आलेले पाहुणे. आमच्या विभागप्रमुखांनी कोट काढून माझ्या हातात दिला. बटण लोंबत होतं. पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले, हा शिंप्याचा मुलगा, याची बोटं बघा. सुईदोरा आधीच मागवून ठेवला होता. मग मला पुणेरी मराठीत, "लाव पटकन. मग वाच तुझं तत्त्वज्ञान."

सगळे हसले. मी बटण लावलं. मग प्रतिष्ठेवर बोललो. टाळ्या पडल्या.

घरी अण्णांना, माझ्या वडिलांना, यातलं काही सांगितलं नाही. बेंगळुरूच्या चिक्कपेटेत पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारं आमचं घर. त्यांना वाटायचं, मुलगा सुटला.

सुटलो नव्हतो. खुर्ची मिळाली आणि मी त्या विभागप्रमुखांसारखाच झालो.

सुनंदा माझी विद्यार्थिनी. वडील येलहंका स्टेशनवर झाडलोट करायचे. तिचा प्रबंध जर्मन मोलकरणींच्या पत्रांवर. व्हायवाच्या दिवशी परीक्षकांच्या हातून कॉफी सांडली. शिपाई जागेवर नव्हता. मी म्हणालो, "सुनंदा, पूस. तुम्हा लोकांना सवय असते."

ती जागची हलली नाही. "ज्यांनी सांडली ते पुसतील, सर. मी सुरुवात करू?"

कोणी हसलं नाही. मी बटण लावलं होतं. ही पुसत नव्हती. तेच मला सहन झालं नाही.

मी विद्यापीठाला लेखी कळवलं, प्रबंध चोरलेला आहे. धादांत खोटं. जुन्या जर्मन लिपीतली ती पत्रं तिनं भिंग धरून माझ्यासमोर वाचली होती. पण शब्द माझा होता, कोणी शंका घेतली नाही. तिची पदवी गेली.

आता ती येलहंक्यातच जर्मनीला निघालेल्या नर्सना भाषा शिकवते. माझा गौरवग्रंथ निघणार असं कळलं, त्याच्या पत्रकात मला विद्यार्थी घडवणारा म्हटलेलं वाचलं, आणि मी तिच्या क्लासवर गेलो. मुली जर्मनमध्ये घोकत होत्या, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय.

तिनं लगेच ओळखलं. "स्वल्प थांबा सर, तास चालू आहे."

मी मागच्या बाकावर बसलो. तास संपल्यावर तिनं काम विचारलं. तोंड उघडलं आणि मी तिच्या उच्चारांचं कौतुक केलं.

"अजून गुणच देताय," ती म्हणाली आणि पंखा बंद करायला गेली.

गौरव मी नाकारला आहे. विद्यापीठाला कळवलं आहे: प्रबंध तिचाच होता, मी खोटं लिहिलं, चौकशी माझी करा. विचारतील तिथे हेच सांगेन. नाव जाईल तर जाऊ दे.

माफी मात्र त्यात लिहिलेली नाही. कागदावर मागून मला सुटायचं नाही. ती सुनंदासमोर उभं राहून मागायची होती. मी ती मागितलेली नाही.