एकदाच सांगितलेलं

काल दवाखान्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आईला चिकटून बसली होती. "तीन महिने हिला पाळी आली नाही," आईने न संकोचता नर्सला सांगितलं.

पंधराव्या वर्षी माझ्या मेघनानेही मला हेच सांगितलं होतं. हनुवटीवरचे राठ केस दाखवले होते. "वयात येताना होतं असं. वजन कमी कर," म्हणून मी तिला गप्प केलं. मुली अशा गोष्टी बहुतेक एकदाच सांगून बघतात.

पीसीओएसचं निदान झालं ते दहा वर्षांनी, तिच्या लग्नानंतर. "औषधांनी आटोक्यात येईल, आई," फोनवर ती मलाच धीर देत होती.

"तेव्हाच तुला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं गं," मी म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."