खंडेनवमीला पुजलेली पिस्तुलं

हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल या गावची नदी मोठी शहाणी आहे. समुद्राला भरती आली की मागे चढते, ओहोटी लागली की पुढे उतरते, पण काठ सोडून पाऊल टाकत नाही. दोन्ही अंगांना माणसांनी घातलेले बांध तिला तसं करूही देत नाहीत. त्या बांधाच्या पोटाशी, वाऱ्याला पाठ देऊन, जुन्या गोदामांची रांग उभी आहे. त्यातलं शेवटचं गोदाम रविवारी जागं होतं. आत लाकडी पिंपं, फळ्यांच्या भिंती, टांगलेल्या जाळ्या. आणि त्यांच्या आडून एरवी चांगली शहाणीसुरती माणसं खेळ म्हणून एकमेकांवर जेलच्या गोळ्या झाडतात. गोळी पाण्यात फुगलेली, मऊ. अंगाला लागली तर कुणी चिमटा काढावा इतकंच कळतं. डोळ्याला लागली तर मात्र ती जन्माची आठवण होऊन बसते.

त्या गोदामातल्या डोळ्यांची राखण मीनलकडे होती.

मीनल मूळची वाईची. नवऱ्याच्या, आशुतोषच्या, नोकरीमागून इकडे आली आणि पुढे रॉटरडॅममध्ये सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागली. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, शेजारीपाजारी ओळखत तेही आशुतोषची बायको म्हणून. ऑफिसातल्या सहलीला एकदा ती या गोदामात आली, पिस्तूल हातात घेतलं, आणि गोळी झाडण्याऐवजी तिनं मालकाला विचारलं, "हे बंद कसं होतं?" मालक योरिस, ताडासारखा उंच आणि शब्दाला महाग. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, असं म्हणून तो हसला. वर्ष सरता सरता पिस्तुलांच्या कपाटाची किल्ली त्यानं तिच्या हातात ठेवली होती. परक्या मुलखात, कुणाची कोण म्हणून नव्हे तर तिची ती म्हणून मिळालेली ही एकच गोष्ट. ती किल्ली कमरेला लावून मीनल रविवारी बांधावरून सायकल हाकायची, तेव्हा समोरचा वाराही तिला हलका वाटायचा.

"घरात झुरळ निघालं तर मला हाक मारते," आशुतोष मित्रांना सांगायचा, "आणि बाहेर बघा, फुलनदेवी!"

"झुरळाला सेफ्टी लॉक नसतं," मीनल म्हणायची.

तिच्या कामाची रीत ठरलेली. पिस्तूल हातात आलं की आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या नि गॅसचा कप्पा, बाहेर, मग नळीत डोकावून आत गोळी राहिली नाही ना ते बघायचं, आणि बोट चापाच्या बाहेर. गॅस मॅगझिनच्या बुडातून भरायचा, तोही पालथं धरून, शेगडी आणि उन्हापासून लांब. गोळ्या स्वच्छ पाण्यात भिजवायच्या, त्याच दिवशी वापरायच्या. फुटक्या किंवा फाजील फुगलेल्या चाळून टाकायच्या, नाहीतर नळीत चिखल होतो. खेळ संपला की नळी कोरडी पुसायची आणि रबरी रिंगांना सिलिकॉन तेलाचा एकच थेंब द्यायचा. दुसरं कुठलंही तेल रबराला विष. आणि सगळ्यांच्या आधी गॉगल. गॉगल नाही तर आत पाऊल नाही, मग तो योरिसचा सख्खा भाऊ का असेना.

पिस्तुलं भडक नारिंगी नि निळी होती, लांबूनच खेळणी वाटावीत अशी. तरी दुरुस्तीला घरी न्यायची झाली तर कुलपाच्या पेटीत, मॅगझिन वेगळं ठेवून. पेटीला दुसऱ्याचा हात लागला, तर त्या हंगामापुरती कपाटाची किल्ली परत. हा योरिसचा नियम, आणि मीनलला तो मनापासून पटलेला.

त्या वर्षी नवरात्रात सासूबाई आल्या होत्या. प्रमिलाबाईंनी साताऱ्याला उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेला. पोरांच्या फिया, घराची फरशी, सगळं त्या मशीनच्या टाक्यातून निघालं होतं. खंडेनवमीला सकाळी त्यांनी पाट मांडला. आशुतोषचा लॅपटॉप ठेवला, सुरी-विळी ठेवली, सायकलीचं चाक पुसून तिला माळ घातली. मग त्यांची नजर दुरुस्तीला आणलेल्या पेटीवर गेली.

"मीनल, ती पिस्तुलं काढ बरं."

"आई, ती खेळातली आहेत."

"घरात हत्यार असावं आणि खंडेनवमीला ते पेटीत कोंडलेलं असावं? देवी काय म्हणेल? काढ."

मीनलनं तिन्ही पिस्तुलं नि त्यांची मॅगझिनं पाटावर मांडली. "नुसतं एकेक बोट कुंकू, अन् फूल. पाणी नको, बाकी काही नको," तिनं बजावलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, ती माडीवर गेली, आणि पेटीची किल्ली पेटीलाच राहिली. फोन लांबला. खाली आली तेव्हा पिस्तुलं झेंडूच्या फुलांखाली गुणी बाळांसारखी निजली होती. मीनलला भरून आलं. संध्याकाळी तिनं फुलं काढली, कुंकवाचे टिळे वरवर पुसले आणि पेटी बंद केली.

रविवारी प्रमिलाबाई म्हणाल्या, "सून रविवारचं कुठं जाते ते बघायचंय मला." आशुतोषनं दोघींना गाडीनं सोडलं. पोचल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा गोळ्यांच्या टपात वाकून पाहिलं.

"अगंबाई! साबुदाणा कुणी रंगवला?"

"तोंडात नका घालू हं आई."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" त्या खुर्चीत ऐटीत बसल्या, पदर सावरून, जणू लग्नघरात वरमाई.

खेळणारी माणसं यायला अवकाश होता. मीनलनं गॉगल चढवला, सासूबाईंनाही चढवायला लावला, आणि घरून आणलेली पिस्तुलं चाचणीच्या भिंतीसमोर एकेक घेऊ लागली. पहिलं नीट चाललं. दुसऱ्याचं मॅगझिन भरताना बारीक फुसफुस ऐकू आली. तिनं ते बाजूला ठेवलं. तिसरं फळीवर रोखलं, चाप ओढला, सोडला. गोळी गेली. आणि चापावरून बोट निघाल्यावर आपसूक आणखी एक गोळी सुटली.

नळी भिंतीकडेच ठेवून तिनं मॅगझिन काढलं, उरला गॅस सोडला, मग झडप नाकाशी नेली. तिळाच्या तेलाचा वास. रुमालाच्या टोकानं आत पुसलं तर टोक लाल झालं. तेलात कालवलेलं कुंकू झडपेच्या गळ्यात बसलं होतं, रबरी रिंग फुगली होती.

"आई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही यात तेल घातलंत?"

"मग? हत्यार कोरडं पुजतात का कुठं?" प्रमिलाबाई सहज म्हणाल्या. "मी मशीनला आधी तेल देते, मग हळदकुंकू वाहते. मशीन कधी कुरकुरलं नाही माझं. ह्याला तेलाची भोकं बारीक होती, म्हणून वातीनं थेंब थेंब सोडलं. समईतलं, शुद्ध."

ज्या हातांनी घर उभं केलं, त्याच हातांनी, त्याच मायेनं हे केलेलं. मीनलनं पहिलं, नीट चाललेलं पिस्तूलही उचललं आणि तिन्ही लाल खोक्यात टाकली. लाल खोकं म्हणजे आज खेळातून बाद.

तेवढ्यात योरिस आला. खोक्यात डोकावून डचमध्ये म्हणाला, "तिन्ही? रिंगा जुन्या झाल्या असतील. नव्या मागवतो."

वाट आयती समोर मोकळी होती. नुसतं "हो" म्हणायचं. रिंगा खरोखरच जुन्या होत्या, कुणाचंही काही बिघडणार नव्हतं, किल्ली कमरेला राहणार होती. मीनलच्या ओठावर तो "हो" आलाही. पण भिंतीवरच्या फळीवर त्या दुसऱ्या गोळीचा ओला ठिपका अजून वाळला नव्हता. फळीच्या जागी, खेळ संपला समजून गॉगल वर सरकवणारा कुणी असता तर?

"रिंगा नाहीत," ती म्हणाली. "घरी पेटी उघडी राहिली. दुसऱ्याचा हात लागला. आत खाण्याचं तेल गेलंय."

योरिसनं कपाळाला आठ्या घातल्या. त्याचा चेहरा बघून प्रमिलाबाई खुर्चीतून उठल्या, आणि थेट त्याच्यासमोर जाऊन साताऱ्याच्या मराठीत बोलू लागल्या.

"हे बघा दादा, तिला बोल लावू नका. तेल मी घातलंय. रागवायचं तर मला रागवा, पोर अगदी नियमाची आहे."

योरिसनं मीनलकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

आता मीनलनंच आपल्या बाजूची साक्ष आपल्या तोंडानं भाषांतर करून सांगायची होती. तिनं शब्दन् शब्द सांगितला, काही गाळलं नाही. मग आपल्याकडून एक वाक्य जोडलं, "पण पेटीची किल्ली यांनी सांभाळायची नव्हती. मी सांभाळायची होती."

योरिसनं डोकं खाजवलं. "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं."

"ठाऊक आहे."

"हंगाम संपेपर्यंत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. त्यानं हात पुढे केला. मीनलनं कमरेची किल्ली सोडवली. कडी जरा घट्ट होती, सोडवायला वेळ लागला.

तो गेल्यावर प्रमिलाबाई उसळल्या. "एवढ्याशा तेलापायी? मेल्याला दयामाया आहे की नाही!"

"तेलापायी नाही हो आई. पेटी उघडी ठेवली म्हणून."

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. बाहेर बांधावरून वारा वाहत होता, पत्र्यावर त्याचा हलका हात फिरत होता.

"माझी कापडाची कात्री," त्या म्हणाल्या, "मी कधी कुणाला हाताळू दिली नाही. आशुतोषनं एकदा त्या कात्रीनं कागद कापला, तर त्याला दिवसभर बोलले नव्हते मी." मग त्या पुटपुटल्या, "बरोबर आहे त्याचं. पण मला राग आलाय तो आलाय."

मीनलला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही भरले. गॉगल होता म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

मग दार उघडलं आणि माणसं आत आली. भिजलेले रेनकोट, ओल्या बुटांची चरचर, गलका. आज कपाट योरिसनं उघडलं, पिस्तुलं त्यानंच वाटायला घेतली. मीनल काय करावं ते न सुचून टपाशी गोळ्या चाळत उभी राहिली. रांगेतला पहिला गडी, रुंद खांद्यांचा, लालसर दाढीचा, योरिसकडे जाण्याआधी सवयीनं तिच्यासमोर येऊन थांबला. त्यानं हनुवटी वर केली आणि गॉगलचा पट्टा तपासायला मान पुढे केली.

मीनलनं ओले हात कपड्यांना पुसले. पट्टा एका घरानं आवळला, गालाशी फट राहिली नाही ना ते बोटानं चाचपलं.

"जा," ती म्हणाली. त्याच्या मागचा पुढे आला.