ठिपक्याचा कॅमेरा

रॉबिन साळव्याने कॅमेरा बदलावा, हे मी त्याला चार वर्षं सांगत होतो. मी कल्याण, विज्ञानाचा मास्तर, आणि मास्तराला न विचारता सांगायची खोड असतेच. तिसगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी नगरला नोकरी धरली, सावेडीत फ्लॅट घेतला, आणि रॉबिन तिसगावातच बाजारतळाच्या कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ टाकून बसला. कॅमेऱ्यांबद्दल वाचायचा नाद मला, फोटो काढायची अक्कल त्याला. त्यामुळे आमचं जमायचं.

त्याचा कॅमेरा बारा वर्षांचा. पकडीचं रबर सुटलेलं, तिथे त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवलेली. बटण दाबलं की आतून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा आवाज यायचा. लग्नाची गिऱ्हाइकं कधीच ड्रोनवाल्या पोरांकडे गेली होती. मी म्हणायचो, "लेन्सा राहू दे, नुसती बॉडी बदल. अंधारातसुद्धा स्वच्छ फोटो येतील." तो म्हणायचा, "बघू." रॉबिनचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे कळायला मला तीस वर्षं लागली.

उंच, काटकुळा माणूस. रविवारी चर्चला जाताना एकच राखाडी सफारी, ती लग्नातली. बोलणं मोजकं. पण कॅमेऱ्यासमोर बुजलेलं माणूस त्याच्या दोन शब्दांत सैल व्हायचं. पदर नीट करायला तो कधी हात लावायचा नाही, नुसतं म्हणायचा, "आत्या, जरा पदर." आणि बटण दाबायच्या आधी स्वतःच श्वास रोखून धरायचा. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "समोरचं माणूस थांबलंय, तर आपन कशाला चालू ऱ्हायचं?"

त्याचं खरं काम दसऱ्याच्या आगेमागे. आमच्या पाथर्डी भागातून तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तरणी माणसं कोयते घेऊन सहा महिने कारखान्यावर जातात, म्हातारी माणसं शेरडं आणि घर राखत मागे राहतात. निघायच्या आधी मुलगा आईला किंवा बापाला आणून रॉबिनच्या स्टुलावर बसवतो. याला आमच्याकडे निघतीचा फोटो म्हणतात. तो कुणी घरी नेत नाही. तो रॉबिनच्या कॉम्प्युटरात राहतो. हिवाळ्यात म्हातारं माणूस गेलं, तर उसाच्या फडातून फोन येतो, "मामा, फोटो काढून ठेवा," आणि पोरं गावात पोचेपर्यंत फ्रेम हारासकट तयार असते. माणूस टिकलं, तर चैत्र-वैशाखात ते स्वतः काठी टेकत येतं आणि पायरीवरून ओरडतं, "आलो रं रॉबिन, पूस मला!" रॉबिन त्याच्या डोळ्यांदेखत फोटो पुसतो आणि चहा मागवतो. पुसून घ्यायला स्वतःच यायचं, दुसऱ्याला धाडायचं नाही, असा दंडक. स्टुलावर दगडासारखी बसलेली माणसं पुसून घेताना मात्र खदाखदा हसतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं, त्यामुळे यात भिण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात ठिपका आला. रॉबिनचं स्टूल ठरलेलं, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांना फरशीवर रंगाच्या खुणा केलेल्या. त्यामुळे ठिपकाही एकाच जागी पडायचा, बसलेल्या माणसाच्या डाव्या खांद्याच्या वर, निळ्या पडद्यावर. फोटो मोठा केला की मोहरीएवढा, काळा. नगरच्या एका कारागिराने सांगितलं, आतला कण, म्हणजे पिक्सेल, मेलाय, मेलेला कण परत जिवंत होत नसतो, बॉडी बदला. मीही तेच म्हणालो. रॉबिन म्हणाला, "बघू." गिऱ्हाइकाला फोटो छापून देताना तो ठिपका माउसने पुसून टाकायचा.

दोन हिवाळ्यांत सात फ्रेमा झाल्या. सातवी करताना त्याच्या ध्यानात आलं की पुसायला ठिपकाच नाही.

त्याने मागच्या सहाही काढून पाहिल्या. मूळ फोटो, हात न लावलेले. एकातही ठिपका नव्हता. त्या वर्षीच्या, अजून न पुसलेल्या फोटोंत मात्र त्याच दिवशी, त्याच स्टुलावर, आधीच्या आणि नंतरच्या माणसाला होता. मे महिन्यात त्याने हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. उष्णतेने होतं, दमटपणाने होतं, आणि सत्तरी ओलांडलेली माणसं मरतातच, असं बरंच काही ऐकवलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "सातातली सात, कल्याण?" मी विषय बदलला.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी तिसगावातच होतो. रॉबिनकडे गप्पा मारत बसलो असताना टोळीतला बिभीषण आईला घेऊन आला. आई म्हणजे कडूबाई, वाळकी, टणक, जिभेला धार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ट्रक निघणार होता. रॉबिनने श्वास रोखला, बटण दाबलं, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला आणि तसाच उभा राहिला. दुसरा काढला. तिसरा काढला. पाचव्याच्या आधी त्याने लेन्स पुसून घेतली.

"बिभीषण, कोपऱ्यावरनं चहा घेऊन ये," तो म्हणाला. पोरगा गेला. रॉबिन कडूबाईला म्हणाला, "आत्या, जरा उठता का?" त्याने रिकाम्या स्टुलाचा फोटो काढला. ठिपका होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू बस." मी बसलो. विज्ञानाचा मास्तर स्टुलावर बसला आणि त्याने वळून डाव्या खांद्याच्या वर बघून घेतलं, हे मी इथे कबूल करतो. रॉबिनने पाहिलं आणि मान हलवली. माझ्या फोटोत ठिपका होता. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, आणि समोर कडूबाई उभी असताना तसं वाटल्याची लाजही कधी इतकी वाटली नव्हती.

कडूबाई आमची तोंडं बघत होती. "काय रं रॉबिन, लगीन लावतू का काय माजं? किती फोटू काढशील? खरं सांग, काय दिसतंय त्यात?"

रॉबिनला खोटं बोलता येत नाही. त्याने खाली बघत दोन वाक्यांत सांगून टाकलं. मला वाटलं बाई हबकेल. ती परत स्टुलावर बसली, पदर सारखा केला.

"पोराला सांगू नगंस," ती म्हणाली. "त्यो ऱ्हाईल. ऱ्हाईला की सहा म्हैनं माज्या तोंडाकडं बगत बसंल, आज मरती का उद्या मरती. तसलं जगनं मला नगं. आता एक हसता काढ. ह्ये पाचबी पूस, लई रडकं दिसत्यात."

ती खरोखर हसली. पुढचे दोन दात नव्हते. रॉबिनने बटण दाबलं, कॅमेरा खोकला. बिभीषण चहा घेऊन आत आला तेव्हा रॉबिन म्हणाला, "झाला. चांगला आलाय."

जानेवारीत कडूबाई अंगणात उन्हाला बसल्या बसल्या गेली. फडातून फोन आला. फ्रेम न्यायला बिभीषण आला, त्या दिवशी मी तिथे नव्हतो. हे मला रॉबिनच्या बायकोने, लिडियाने सांगितलं. फ्रेम हातात घेऊन बिभीषणाने विचारलं,

"आई हसली कवा? मी हुतो तवा तर न्हाई हसली." मग तो म्हणाला, "मामा, तुमी मला च्या आनाया धाडलं हुतं."

रॉबिनने सगळं सांगितलं. बिभीषण ओरडला नाही, काही आदळआपट केली नाही.

"मी ऱ्हायलो असतो."

"तिनंच नको म्हटलं, बाळा."

"ती नगंच म्हननार. आई हुती ती. तुमी कोन हुता?"

एवढं बोलून तो फ्रेम काखेत घेऊन गेला. त्यानंतर रॉबिन आठ दिवस स्टुडिओ उघडायला गेला नाही.

मार्चमध्ये मी गेलो तेव्हा लिडियाने मला आत, स्वयंपाकघरात बोलावलं. "भाऊजी, तुम्ही विज्ञानाचे ना? मग तो कॅमेरा इथून न्या. एक वर्ष होत आलं, यांनी माझा फोटो काढलेला नाही. नाताळालासुद्धा नाही. मला वाटायचं विसरत असतील. परवा मी स्टुडिओ झाडून दमले आणि स्टुलावर टेकले. वर पाहिलं तर हे कॅमेऱ्यामागे उभे, बोट बटणावर. मी म्हटलं, काढा की. तर बोट काढून घेतलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले."

तेव्हा मला उमगलं की रॉबिन कॅमेरा का बदलत नव्हता. पैशाचं कारण नव्हतं आणि ती ट्यूबची पट्टीही प्रेमाने चिकटवलेली नव्हती. त्या कॅमेऱ्याला एकच गोष्ट विचारायची त्याला अनावर इच्छा होती आणि तीच विचारायची हिंमत नव्हती. कॅमेरा ठेवला तर एक ना एक दिवस विचारलं जाणार. बदलला तर कधीच कळणार नाही. दोन्हींची त्याला सारखीच भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, हे कळल्यावर मलाही वाटायला लागली.

मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, "चल नगरला." या वेळी तो 'बघू' म्हणाला नाही. चपला घातल्या आणि निघाला.

नवी बॉडी घेतली. दुकानदार म्हणाला, जुनी देऊन टाका, भाव करतो. रॉबिनने पिशवी छातीशी धरली आणि नुसती मान हलवली. तिसगावात परत आल्यावर त्याने नवा कॅमेरा त्याच खुणांवर उभा केला, लिडियाला हाक मारली आणि स्टुलावर बसवलं. तिने पदर सारखा केला. त्याने श्वास रोखला. नव्या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता, फोटो निघाला की नाही तेही कळलं नाही.

त्याने फोटो मोठा केला, डाव्या खांद्याच्या वरचा पडदा कोपऱ्यापर्यंत पाहिला. स्वच्छ निळा.

"ठिपका न्हाई," तो म्हणाला.

"अरे, नवा कॅमेरा आहे! ठिपका कुठून येणार?" मी ओरडलोच त्याच्यावर.

"तेच म्हणतो मी. आता सगळ्यांचाच असा येनार." त्याने लिडियाकडे पाहिलं. ती विचारत होती, चांगली आलेय का मी. तो म्हणाला, "लई चांगली," आणि तिच्याजवळ जाऊन तिथेच उभा राहिला. त्या दिवसापासून तो दुपारी स्टुडिओ बंद करून घरी जेवायला जातो. तीस वर्षं डबा खात होता. टोळीला निघालेल्या पोरांनाही तो आता दटावतो, रोज फोन करायचा, रोज. पोरं म्हणतात, मामा म्हातारं झालं.

जुना कॅमेरा त्याने एका जुन्या लेन्ससकट माझ्या हातात दिला. "इकू नको, फेकूबी नको. लिडियाला दिसनार नाही असा ठेव." मी सावेडीला आणला आणि कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांमागे ठेवला. ठेवताना बॅटरी तपासली. भरलेली होती. एवढ्यावर मी कपाट लावून घ्यायला हवं होतं.

माझी आई एक्याऐंशी वर्षांची आहे. कपाटातून रजई काढताना तिला कॅमेरा सापडला. "रॉबिनचा ना हा?" म्हणत ती गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. "काढ की माझा एक. तुझ्या मोबाइलात माझं नाक मोठं दिसतं."

मी म्हणालो, बिघडलाय. ती म्हणाली, बघ तरी. मी बघितलं. डोळ्याला लावला आणि माझ्या नकळत माझा श्वास रोखला गेला. समोर आई, तिच्या मागे शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत, डाव्या खांद्याच्या वर भरपूर मोकळी. मी ठिपक्यावर विश्वास ठेवत नाही. मुलांना पंचवीस वर्षं पुरावा म्हणजे काय ते शिकवतोय. मी बटण दाबलं. आत तो खोकला झाला आणि मागच्या स्क्रीनवर काही उमटायच्या आत मी खालचं झाकण उघडून बॅटरी काढून घेतली.

"कसा आलाय?" आईने विचारलं.

"चांगला आलाय."

कार्ड अजून त्यातच आहे. फोटो त्यावर उतरला की नाही, मला माहीत नाही. शाळा सुटल्यावर चौकात सहकाऱ्यांबरोबर चहाला थांबायची माझी वीस वर्षांची सवय. हल्ली मी थांबत नाही, स्कूटर थेट घरी आणतो. जिना चढताना आईच्या टीव्हीचा आवाज ऐकू येतो आणि मग मी जरा हळू चढतो. दार उघडून ती विचारते, "आज लवकर कसा रे?"

मी सांगतो, शेवटचा तास नव्हता. ती म्हणते, रोजच कसा नसतो?